नंतरचे अल्बम आधीच्यांवर मात करतात असे रॉक बँड: ऐकायच्या बैठकीसाठी जोड्या सुचवा

बर्डीचा_बास

धरमपेठेत वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत येत्या रविवारी संध्याकाळी आठ-दहा जणांची ऐकायची बैठक आहे, अडीच तासांची. विषय: ज्यांचं नंतरचं काम सुरुवातीच्या कामाला मागे टाकतं असे रॉक बँड. प्रत्येकाचं एक आधीचं गाणं, एक नंतरचं, आणि त्यावर पाच मिनिटं बोलणं.

"पहिला अल्बम तोच खरा, पुढे सगळे बाजारू झाले" हे वाक्य अशा बैठकीत कुणीतरी टाकतंच. त्याला कानाने उत्तर द्यायचं आहे. म्हणून नुसती नावं नकोत. काय बदललं आणि काम कशामुळे सुधारलं हे ऐकून कळेल अशी जोडी हवी. नंतरचा अल्बम किमान तिसरा असावा, कारण दुसऱ्यात सुधारणारे ढिगाने सापडतात. जास्त खपला म्हणून सरस, हेही चालणार नाही.

तीन शंका आहेत. निम्मी माणसं बदलली तरी तो 'तोच बँड' धरायचा का? जुन्या रेकॉर्डिंगनंतर नवं लावलं की नवं आपोआपच भारी वाटतं, ते कसं टाळायचं? आणि रीमास्टर (जुन्या मुद्रणाच्या नव्याने तयार केलेल्या प्रती) लावायचे की मूळ सीडी? सामान असं: स्टिरिओ ॲम्प, दोन बुकशेल्फ स्पीकर, लॅपटॉप, एक टर्नटेबल. खोलीत कूलर आहे आणि महिना मे आहे, तेव्हा "कूलर बंद करा" हा सल्ला जपून द्यावा.

साईड_बी_शंकरनगर

टॉक टॉकशिवाय हा विषय पुरा होत नाही. एवढा लांबचा पल्ला दुसऱ्या कुणीच गाठलेला नाही.

१९८२चा 'द पार्टीज ओव्हर' म्हणजे सिंथेसायझरवर उभी असलेली, रेडिओला सोयीची छोटी गाणी. निर्माता कॉलिन थर्स्टन. ड्युरान ड्युरानचे पहिले दोन अल्बमही त्याचेच, आणि कंपनीही तीच, ईएमआय. दोन्ही बँड सारखे वाटतात ते उगीच नाही. १९८४च्या अल्बमपासून टिम फ्रीझ-ग्रीन आला. तो निर्माता तर होताच, शिवाय बँडचा गायक मार्क हॉलिस याच्या जोडीने गाणी लिहू लागला. १९८६चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' चांगला चालला, आणि त्या जोरावर 'स्पिरिट ऑफ ईडन'साठी (१९८८) वेळ आणि मोकळीक मिळाली.

ती मोकळीक त्यांनी कशी वापरली ते महत्त्वाचं. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत जवळजवळ अंधार करून बाहेरच्या वादकांना बोलावलं, त्यांना बराच वेळ सुचेल ते वाजवू दिलं आणि त्यातले चार-दोन स्वर ठेवून बाकीचं पुसून टाकलं. ध्वनिमुद्रक फिल ब्राउन. ऐकताना वाटतं सगळे एका खोलीत बसून वाजवतायत, पण ते तुकडे जोडून शिवलेलं आहे. आपल्याकडची गोधडी आठवावी, फक्त टाका दिसत नाही.

जोडी: १९८२चं 'टॉक टॉक' (बँडच्याच नावाचं गाणं) आणि १९८८चं 'आय बिलीव्ह इन यू', सुमारे सहा मिनिटं. दोन्हीकडे ड्रमर तोच, ली हॅरिस. पहिल्यात ड्रम्स पुढे आणि चकचकीत. दुसऱ्यात तो एकच साधा ठेका शेवटपर्यंत धरून बसतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती येत-जात राहतं. शेवटाकडे जे गायकवृंद येतं ते चेम्सफर्ड कॅथीड्रलचं.

चूक कुठे होते तेही सांगतो. हौसेने लोक 'द रेनबो'पासून सुरुवात करतात. त्याची पहिली दोनेक मिनिटं इतकी हळू आहेत की कुणीतरी उठून आवाज वाढवतो, मग गिटार येते आणि सगळे दचकतात. शिवाय त्या बाजूची तीन गाणी सलग आहेत, मिळून सुमारे २३ मिनिटं. बैठकीत ते परवडत नाही. त्यापुढचा 'लाफिंग स्टॉक' (१९९१) माझ्या मते आणखी वरचा आहे, पण तो आठ-दहा जणांत ऐकायचा अल्बम नाही.

तर्री_टोन

काहून एवढं हळू लावून राहिले भाऊ, लोक पेंगतीन ना तिथं!

पँटेरा घ्या. विषय तिथंच संपते. टेक्सासचा बँड. १९८३ ते १९८८ चार अल्बम, चारही स्वतःच्याच मेटल मॅजिक लेबलवर. पहिले तीन टेरी ग्लेझच्या आवाजात, फुगवलेल्या केसांचं ग्लॅम मेटल. चौथ्यात, 'पॉवर मेटल'मध्ये, गायक फिल अँसेल्मो आला. पण खरी पलटी पाचव्यात: १९९०चा 'काउबॉइज फ्रॉम हेल', निर्माता टेरी डेट. आणि १९९२चा 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर' म्हणजे त्याच्यावरचा शिक्का.

काय बदललं ते ऐका. गिटारवाला डाइमबॅग डॅरेल रँडल कंपनीचा ट्रान्झिस्टर ॲम्प वापरायचा. ट्यूब ॲम्पवाले नाक मुरडतात, पण ट्रान्झिस्टरमध्ये तार दाबली की आवाज तिथंच तुटते, मागं शेपूट राहत नाही. 'वॉक'चा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) तर थांब्यांवरच उभा आहे. थांबा साफ नसता तर रिफच नसता. दुसरं, विनी पॉलचा किक ड्रम. खालचा धप्प कमी, वरचा टकटक जास्त. म्हणून दोन्ही पाय चालून राहिले तरी चिखल होत नाही. घरी ऐकताना बेस वाढवून हा टकटक झाकू नका, बरेच लोक तेच करतात आणि मंग म्हणतात आवाज पातळ आहे.

जोडीसाठी १९८८चं 'पॉवर मेटल' आणि १९९२चं 'वॉक'. पहिल्या तीन अल्बमच्या मागं लागू नका. बँडनं स्वतःच त्यांच्याकडं पाठ फिरवली होती.

दुसरा बँड डेथ. १९८७चा 'स्क्रीम ब्लडी गोर' आणि १९९५चा 'सिम्बॉलिक', म्हणजे सहावा. मधला धागा एकच, गायक-गिटारवाला चक शुल्डिनर. 'झॉम्बी रिच्युअल'नंतर 'क्रिस्टल माउंटन' लावा. वेग कमी झाला आणि वजन वाढलं, हे दोन मिनिटांत कळते. 'ह्यूमन' (१९९१) लावायचा असेल तर २०११चं नवं मिक्स (वाद्यांच्या आवाजांची नवी जुळवणी) घ्या. जुन्यात स्टीव्ह डिजॉर्जिओचा बेस शोधावा लागते.

आणि बर्डीभाऊ, तुमच्या "काय बदललं" या प्रश्नाला सगळ्यात साफ उत्तर आयर्न मेडन देते. १९८०चं 'फँटम ऑफ द ऑपेरा' आणि १९८२चं 'हॅलोड बी दाय नेम'. दोन्ही स्टीव्ह हॅरिसनं लिहिलेली, दोन्ही साधारण सात मिनिटांची, दोन्हीत ड्रमर क्लाइव्ह बर आणि गिटारवर डेव्ह मरे. बदलले तिघंच: गायक पॉल डिॲनोच्या जागी ब्रूस डिकिन्सन, दुसरा गिटारवाला डेनिस स्ट्रॅटनच्या जागी एड्रियन स्मिथ, निर्माता विल मॅलोनच्या जागी मार्टिन बर्च. प्रयोगशाळेत जसं एक-दोन गोष्टी बदलून पाहतात ना, तसं आहे हे. १९८२चा अल्बम तिसरा, म्हणजे तुमच्या अटीतही बसते.

रामदासपेठ_मोनो

माणसं बदलण्याच्या शंकेबद्दल. डोकी मोजू नका, गाणी कोण लिहितं ते पाहा. मेडनमध्ये हॅरिस राहिला, डेथमध्ये शुल्डिनर राहिला, पँटेरात ॲबट भाऊ (डाइमबॅग आणि विनी) राहिले. म्हणून ते बँड 'सुधारले' म्हणता येतं.

फ्लीटवुड मॅकला हा निकष लावा. १९६८ला गाणी पीटर ग्रीन आणि जेरेमी स्पेन्सरची. १९७७च्या 'रूमर्स'मध्ये लिंडसे बकिंगहॅम, स्टीव्ही निक्स आणि क्रिस्टीन मॅकव्ही. जुन्यांपैकी उरले ड्रमर आणि बेसवाला. 'रूमर्स' उत्तमच आहे, पण तो ग्रीनच्या ब्लूजला 'मागे टाकत' नाही. तो दुसरा बँड आहे आणि पाटी जुनी आहे. यादीत घेतलात तर अर्धा तास याच वादात जाईल. (जाता जाता: 'रूमर्स' करताना टेप मशीनवरून इतक्यांदा फिरली की ड्रम्सचा वरचा आवाज झिजत गेला, आणि शेवटी मूळ वादनाची राखीव प्रत काढून त्याच्याशी जुळवावी लागली. "अजून एकदा घेऊ" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

रेडिओहेड यादीत हवाच, कारण तिथे माणसं बदललीच नाहीत. पाचही जण १९९३च्या 'पाब्लो हनी'पासून तेच. म्हणजे सुधारणेचं श्रेय नव्या माणसाला देता येत नाही. 'क्रीप' लावू नका, ते सगळ्यांना पाठ आहे आणि त्यावर मतं आधीच ठरलेली असतात. 'यू' लावा, पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं. सहा-सहा मात्रा मोजत चला. चौथ्या आवर्तनात एक मात्रा गळते. नंतर २००१च्या 'ॲम्नेसिॲक'मधलं 'पिरॅमिड साँग'. पियानोचे आघात कुठे पडतायत ते सुरुवातीला लागतच नाही, आणि सुमारे दोन मिनिटांनी फिल सेल्वेचे ड्रम्स आले की खालची चाल उमगते. खोड तीच आहे. १९९३ला ती दाखवायची होती, २००१ला ती लपवता आली. तालाची सवय असलेल्या माणसाला ही जोडी फार आवडेल. सम कुठे आहे यावर पैज लावा.

गिट्टीखदान_लाऊड

बीटल्स कसे विसरलात सगळे? दौरे थांबवले, स्टुडिओत बसले आणि 'रिव्हॉल्व्हर' झाला. दौरे थांबले की काम सुधारतं, एवढं साधं आहे.

रामदासपेठ_मोनो

@गिट्टीखदान_लाऊड, तारखा उलट्या झाल्या. 'रिव्हॉल्व्हर' ५ ऑगस्ट १९६६ला आला आणि शेवटची तिकीट लावलेली मैफल २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत झाली. दौरे थांबल्यानंतरचा अल्बम 'सार्जंट पेपर', १९६७. 'रिव्हॉल्व्हर'ला उपयोगी पडली ती १९६६च्या सुरुवातीला मिळालेली मोकळी वेळ. एक ठरलेला चित्रपट बारगळला होता.

जोडी मात्र पक्की. पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, दोन ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाली. त्यातलं 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' घ्या. तीन वर्षांनंतरचं 'टुमॉरो नेव्हर नोज' त्याच्या शेजारी ठेवा: एकच स्वर धरून बसलेलं गाणं, आणि वरून सोडलेली टेपची पाच वेटोळी. दोन्ही तीन मिनिटांच्या आत. वेळ उरला तर त्याच अल्बममधलं 'लव्ह यू टू' ऐकवा. त्यावर तबला अनिल भागवत यांचा आहे, आणि वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे.

खबरदारी: 'रिव्हॉल्व्हर'चा जुना स्टिरिओ लावू नका. त्यात बऱ्याच ठिकाणी आवाज एका स्पीकरमध्ये आणि वाद्यं दुसऱ्यात आहेत. आठ-दहा जण खोलीत पसरून बसले की डावीकडच्यांना गाणारा ऐकूच येणार नाही. मोनो मिक्स (दोन्ही स्पीकरमध्ये एकच आवाज) घ्या, किंवा २०२२चं नवं स्टिरिओ.

साईड_बी_शंकरनगर

दौऱ्यांबद्दल नेमका उलटा दाखलाही आहे. पिंक फ्लॉइडने 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३, आठवा अल्बम) मुद्रित करण्याआधी १९७२भर रंगमंचावर वाजवला. म्हणजे पहिल्या अल्बमला जो फायदा असतो, गाणी लोकांसमोर घासून गुळगुळीत झालेली असणं, तो त्यांनी आठव्याला मिळवून दिला. आणि जे घासूनही जमलं नाही ते स्टुडिओत टाकून दिलं. 'ऑन द रन'च्या जागी आधी गिटारचं वादन होतं. ते काढून छोट्या ईएमएस सिंथेसायझरवर फिरणारी स्वरांची साखळी आली. जोडीला 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिने' (१९६७) आणि 'टाइम'. सुरुवातीची गाणी लिहिणाऱ्या सिड बॅरेटचे चाहते इथे भांडतील, कारण गाणी लिहिणारा बदलला आहे आणि मोनोसाहेबांचा निकष इथे अडतो. भांडू द्या.

रशही घ्या. पहिला अल्बम १९७४चा. लगेच नील पर्ट ड्रम्सवर आला आणि गीतंही लिहू लागला. पण सुधारणा सरळ रेषेत झाली नाही: तिसरा 'कॅरेस ऑफ स्टील' (१९७५) आपटला, कंपनी म्हणाली छोटी गाणी करा, आणि यांनी '२११२'ची (१९७६) एक अख्खी बाजू वीस मिनिटांच्या एकाच रचनेला दिली. ते चाललं म्हणून पुढे 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९८१, आठवा) होऊ शकला. 'वर्किंग मॅन' सात मिनिटं, 'टॉम सॉयर' साडेचार. लांबी कमी झाली आणि आत मावलेलं सामान दुप्पट झालं. 'टॉम सॉयर'च्या मधल्या वादनात सात मात्रांचा तुकडा आहे, तो मोजायला सांगा.

यात एक मेख आहे, ती बैठकीत सांगायला हवी. तिसऱ्या-चौथ्या अल्बमपर्यंत कंपनीने थांबायला हवं, तरच आठवा होतो. जे आधीच गळाले त्यांचा 'नंतरचा अल्बम' आपल्यापर्यंत आलाच नाही. त्यामुळे "बँड मुरत जातात" असा नियम काढू नका. जे टिकले त्यांचंच आपण ऐकतोय.

क्लिप_झालं_का

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेकडे. हे नीट केलं नाही तर वरच्या सगळ्या जोड्या वाया जातील.

कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. एक डेसिबलचा फरक असला तरी माणूस "हा मोठा आहे" म्हणत नाही, "हा जास्त जिवंत आहे" म्हणतो. १९८०च्या दशकातली मूळ सीडी आणि अलीकडचं रीमास्टर यांत तर कितीतरी डेसिबलचा फरक असतो. म्हणून आधी पातळी जुळवा. लॅपटॉपवर फूबार२००० (गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर) टाका, बैठकीची सगळी गाणी निवडा, उजवी क्लिक, रीप्लेगेन (पातळी जुळवायची सोय), प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र स्कॅन करा. मग सेटिंगमध्ये रीप्लेगेन 'ट्रॅक' वर ठेवा ('अल्बम' वर नाही, तो सलग अल्बम ऐकताना) आणि क्लिपिंग (आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटणं) टाळण्याचा पर्याय चालू ठेवा. सगळं उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास येईल. आवाज कमी वाटेल. ॲम्प वाढवा आणि मग संपेपर्यंत हात लावू नका.

स्ट्रीमिंगवरून लावणार असाल तर आवाज सारखा करण्याचा पर्याय चालू, क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणं) बंद. आणि गाणी अल्बममधून थेट न लावता प्लेलिस्ट करून लावा. स्पॉटिफायवर अल्बम सलग चालला की पातळी अल्बमच्या हिशोबाने जुळते, गाण्याच्या नाही.

रीमास्टरबद्दल: जोडीतली दोन्ही एकाच मालिकेतली घ्या. मेडनचे १९९८चे रीमास्टर आहेत आणि २०१५चेही. एक इकडचं, एक तिकडचं घेतलं की तुम्ही बँड नाही, मास्टरिंग करणाऱ्याला गुण देताय. काही नंतरचे अल्बम तर केवळ मास्टरिंगमुळे हरतात. मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) आणि रशचा 'व्हेपर ट्रेल्स' (२००२) ही ठळक उदाहरणं: आवाज इतका चेपला आहे की ड्रमचा प्रत्येक घाव सपाट होतो आणि वीस मिनिटांत कान दमतात. 'व्हेपर ट्रेल्स' २०१३ला डेव्हिड बॉट्रिलने पुन्हा मिक्स केला, तेव्हा कळलं की गाणी ठीकच होती. पातळी जुळवल्यावर चेपलेलं गाणं उलट लहान आणि बसकं वाटतं, हे बैठकीत दाखवण्यासारखं आहे.

आणि दर वेळी जुनं आधी, नवं नंतर असं करू नका. अर्ध्या जोड्या उलट लावा. नाहीतर तिसऱ्या जोडीपासून सगळ्यांना माहीत असतं की दुसरं गाणं 'चांगलं' म्हणायचं आहे.

टर्नटेबलचा विचार सोडून द्या असं सांगेन. त्याची पातळी फोनच्या ॲपने, एकाच जागी फोन ठेवून, अंदाजे जुळवता येते, पण लॅपटॉपच्या जोडीशी ती तुलना खरी होत नाही. तरीही लावायचं असेल तर मे महिन्यात तीन गोष्टी. रेकॉर्ड स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नका आणि दुपारी बंद गाडीत तर अजिबात नाही. विनाइल मऊ पडतं आणि बशीसारखं होतं. उभ्या ठेवा, एकमेकींवर रचून नाही. कूलरच्या झोतात ठेवू नका, पुठ्ठ्याच्या वेष्टनाला बुरशी धरते. (ओलाव्याचा एक फायदा आहे, स्थिर वीज कमी होऊन चटचट कमी येते.) पुसायला साधं डिस्टिल्ड वॉटर पुरे. स्पिरिट वापरणार असाल तर ते फक्त विनाइलवर, आजोबांच्या जुन्या ७८च्या तबकड्यांवर नाही. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने विरघळतात.

अमेरिकेहून आलेलं टर्नटेबल असेल तर आधी तपासा. जुन्या एसी मोटरचं यंत्र ६० हर्ट्झसाठी केलेलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ते सहाव्या हिश्शाने हळू फिरतं आणि गाणं सुमारे तीन अर्धस्वर खाली येतं. सगळेच बँड डूम मेटल (संथ, जड मेटल) वाटतील. आणि लाइट गेली आणि साधा चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर लागला तर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. तेव्हा ऐकलेल्यावर मत देऊ नका.

सदर_स्लाइड

सगळे विलायतीच? इंडियन ओशन घ्या की. पहिला अल्बम १९९३चा. १९९४ला ड्रम्सवर अमित किलम आला, १९९७चा 'डेझर्ट रेन' प्रत्यक्ष कार्यक्रमाचं मुद्रण, आणि २०००चा 'कंदिसा' तिसरा. अटीत बरोबर बसतो. सुरुवातीला वादन जास्त, गाणं कमी. 'कंदिसा'त असीम चक्रवर्तींचा आवाज आणि तबला दोन्ही पुढे येतात, आणि शब्द बाहेरून आणले जातात: 'हिल्ले ले' गोरख पांडेंचं, 'मा रेवा' नर्मदेच्या काठचं लोकगीत, 'कंदिसा' अरामी भाषेतली प्रार्थना. पहिल्या अल्बममधली वादनाची कुठलीही रचना आणि 'मा रेवा' अशी जोडी लावा. सुस्मित सेनच्या गिटारचा बाज दोन्हीकडे तोच आहे. पहिल्यात ती एकटीच गोष्ट सांगते, दुसऱ्यात तिला गायकासाठी वाट सोडावी लागते, आणि त्यानेच ती सुधारते.

मुंबईचा रॉक मशीनही लक्षात घ्या. १९८८ आणि १९९०चे अल्बम त्या नावाने, मग नाव बदलून इंडस क्रीड, १९९५चा अल्बम, आणि सतरा वर्षांनी २०१२ला 'इव्हॉल्व्ह'. फक्त नावही बदललं, म्हणून तुमच्या 'तोच बँड' धरायचा का या शंकेत अडकतो, हट्ट धरत नाही.

बर्डीचा_बास

सगळ्यांचे आभार. फ्लीटवुड मॅक आणि इंडस क्रीड बाहेर. टर्नटेबलही बाहेर. क्रम असा धरलाय, मिनिटं अंदाजे:

बीटल्स ६, मेडन १४, रश १२, इंडियन ओशन १५, मग दहा मिनिटं चहा. पुढे रेडिओहेड ८, टॉक टॉक १०, फ्लॉइड ११, पँटेरा ९, डेथ १०. गाणी ९५ मिनिटं, नऊ जोड्यांवर पाच-पाच मिनिटं बोलणं म्हणजे ४५, चहा धरून बरोबर १५०. रश, रेडिओहेड, फ्लॉइड आणि डेथ या चार जोड्या उलट्या लावणार.

तर्री_टोन

पँटेरा आणि डेथ शेवटी ठेवून राहिले हे बरं केलं. पण बोलणं पाच मिनिटांत आटपत नाही बाप्पा, नागपूर आहे हे. मेडनवरच पंधरा जातीन. एक जोडी राखीव समजा आणि वेळ गेला तर फ्लॉइड काढा. ते लोकांनी घरी ऐकलेलं असते.

क्लिप_झालं_का

क्रमात एक बदल करा. टॉक टॉक चहानंतर लगेच लावा, रेडिओहेड त्याच्यामागे. कान विश्रांतीनंतर ताजे असतात, आणि तोवर अंधार पडून खोलीही जरा निवलेली असते.

कूलरचं असं: बाकी सगळ्या जोड्यांना तो कमी वेगावर चालू द्या, स्पीकरच्या मागे नाही, ऐकणाऱ्यांच्या बाजूला. 'आय बिलीव्ह इन यू'च्या सहा मिनिटांपुरता फक्त फॅन बंद करा, पंप नाही. ताट्या ओल्या राहिल्या की फॅन परत लावताच गार हवा येते. पाण्याची टपटप ऐकू येत असेल तर टाकीतली पातळी आधीच वर भरून ठेवा, पाणी कमी उंचीवरून पडतं आणि आवाज दबतो.